नाव काय लिहू?

तुमच्या काखेत लांबडी वही आहे, कानावर पेन्सिल आहे आणि उजव्या चपलेचा अंगठा तुटायच्या बेतात आलाय. बिहारमधल्या सारण जिल्ह्यातलं एक गाव. साल १९५०. सकाळपासूनचं हे बाविसावं घर. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: या प्रवासात तुम्हाला कुठेही मोठं पद मिळणार नाही. नेहरूंच्या शेजारी बसायची हौस असेल तर दुसरी गाडी बघा. इथे तुम्ही कारकून आहात, घरोघर फिरून मतदारांची नावं लिहिणारे.

दाराआड एक बाई उभी आहे. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. बांगड्या आणि मनगटापर्यंत पीठ लागलेले हात तेवढे दिसतात.

"नाव काय लिहू?"

उत्तर सासू देते. "मुन्ना की माई."

"ते नव्हे. हिचं स्वतःचं नाव."

घरातल्या डागिन्यांची यादी मागितल्यासारखी सासू तुमच्याकडे बघते. परक्या माणसाला सुनेचं नाव कशाला? खुद्द मुन्ना उंबरठ्यावर बसून माती खातोय, असेल दोनेक वर्षांचा. त्याचं नाव मात्र साऱ्या गावाला ठाऊक आहे. तुम्ही पुन्हा विचारून बघता. आतल्या बांगड्या जराशा वाजतात, त्यापलीकडे काही नाही. दिवस मावळायच्या आत अजून तीस घरं उरकायची आहेत. तुम्ही लिहून टाकता: मुन्ना की माई, वय अंदाजे २२.

असल्या ओळी दिल्लीत पोचल्या तेव्हा त्यांचा डोंगर झाला होता. तिथे बसले होते सुकुमार सेन. आयसीएस, गणितातलं सुवर्णपदक मिळवलेले, पश्चिम बंगालचे मुख्य सचिव राहिलेले आणि मार्च १९५० पासून देशाचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. निवडणूक १९५१ च्या वसंतातच उरकावी असं नेहरूंना वाटत होतं. जरा दम धरा, असं सेन यांनी त्यांना सांगितलं. दम धरावा असंच काम होतं. एकवीस वर्षं पुरी झालेले १७ कोटी ६० लाख मतदार, त्यातल्या शंभरातल्या पंच्याऐंशींना लिहितावाचता येत नाही. नुसत्या याद्या टंकायला आणि जुळवायला साडेसोळा हजार कारकून सहा-सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेले. त्या याद्यांत आता ही मुन्ना की माई, आणि अमक्याची बायको, आणि तमक्याची लेक. सारणात मुन्ने किती, त्यांच्या आया किती? एकीच्या नावावर दुसरीच मत टाकून गेली तर ओळखायचं कुणी?

सेन यांनी हुकूम काढला: जी स्वतःचं नाव सांगेल तिचीच नोंद राहील. बिहारला महिनाभराची वाढीव मुदत दिली. बऱ्याच जणी त्या महिन्यात यादीत आल्या, बऱ्याच राहिल्या. देशात आठ कोटींच्या आसपास बायका मतदार व्हायच्या होत्या, त्यातल्या २८ लाखांची नावं खोडली गेली. बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत आणि विंध्य प्रदेशातल्या.

हा निर्णय पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो क्रूर वाटला होता. नाव न सांगणं हा त्या बाईचा गुन्हा थोडाच होता? पण चालवून घेतलं असतं तर सरकारी कागदावरही ती कुणाची तरी आईच राहिली असती, आणि पुढच्या वेळी कुणी विचारलंही नसतं. सेन यांनी पाठीमागे स्वतःबद्दल काही लिहून ठेवलं नाही. आठवणी नाहीत, आत्मचरित्र नाही. ते हयात असते तरी विचारून उपयोग झाला असता असं वाटत नाही; असली माणसं आकडा सांगतात आणि गप्प बसतात.

मुन्नाच्या घरची ओळ तुमच्याच हातून खोडली जाते. महिनाभरात तुम्ही त्या दाराशी दोनदा जाऊन आलात, हे वहीत कुठेच येत नाही.

आता पिठाचा वास जाऊन ओल्या रंगाचा वास येतो. विक्रोळी, १९५१. आग्रा रोडच्या अलीकडे-पलीकडे गवत, खाडीच्या अंगाला तिवरं, आणि त्यात गोदरेजचा नवा कारखाना. हाती तेलकट चिंधी धरून तुम्ही तयार पेट्या तपासताय. बाहेरच्या मैदानात शेवाळी रंगाच्या लोखंडी पेट्यांच्या थप्प्या, एखाद्या मारवाड्याच्या गोदामात गुळाच्या ढेपा रचाव्यात तशा. देशभरात अशा वीस लाख पेट्या लागणार आहेत, ८,२०० टन पोलाद खाणाऱ्या. त्यातल्या बारा लाखांहून जास्त एकट्या या कारखान्यातून निघतील.

एक पेटी उचला. झाकण लावा. कुलूप दिसत नाही ना? तीच तर गंमत. सरकारनं दर ठरवला पेटीमागे पाच रुपये, आणि त्यात बाहेरून लटकणारं कुलूप काही बसेना. इथल्याच एका कारागिरानं डोकं लढवलं आणि कुलूप पेटीच्या पोटात घातलं. झाकण बसलं की आतली खिट्टी बसते. ना किल्ली हरवायची भीती, ना किल्ली कुणाच्या खिशात ठेवायची याचं भांडण. हे दुसरं जास्त महत्त्वाचं. गावात एक किल्ली म्हणजे एक पाटील.

तुम्ही फटीतून काडी घालून बघता, पेटी उलटी करून हलवता, झाकणावर मूठ मारता. उघडत नाही. चिंधीनं बोटांचे ठसे पुसता आणि पुढची ओढता.

लोकशाहीवरचे बहुतेक लेख संविधान सभेपासून सुरू होतात, आणि ते बरोबरच आहे. पण निरक्षर माणसाला मत द्या असं कागदावर म्हणणं वेगळं आणि त्याचं मत सांभाळून मोजणीच्या टेबलापर्यंत नेणं वेगळं. मद्रासच्या एका संपादकाला हा सगळा प्रकार इतिहासातला सगळ्यात मोठा जुगार वाटला होता. जुगारच म्हणायचा तर विक्रोळीतल्या त्या खिट्टीवर बराच पैसा लागला होता.

जानेवारी १९५२. नगर जिल्हा, मुंबई राज्य. गावाचं नाव राहू द्या. शाळू कमरेच्या वर आलाय, आणि वेशीजवळच्या शेतातून हुरड्याच्या धुराचा वास येतोय. कोतवालानं आदल्या सांजेला दवंडी पिटलीय. शाळेच्या दोन खोल्यांतली बाकं बाहेर काढलीत, आणि एरवी तिसरीला पाढे शिकवणारे मास्तर आज केंद्राधिकारी आहेत. तुम्ही त्यांच्या हाताखालचे. तुमच्यासमोर यादी, शाईची बाटली, काचेची काडी.

मतपत्रिका हातात घेऊन बघा. एक रुपयाच्या नोटेएवढी, नाशिकच्या सरकारी छापखान्यातून आलेली. तिच्यावर एकाही उमेदवाराचं नाव नाही, खूण करायला जागाही नाही. खूण करायचीच नाही मुळी. ज्याला वाचता येत नाही त्याच्या हाती पेन्सिल कशाला? पडद्यापलीकडे दर उमेदवाराची वेगळी पेटी आहे आणि पेटीवर त्याचं चित्र. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचं झाड. चित्र बाहेर चिकटवलंय तसंच आतही, म्हणजे बाहेरचं कुणी खरवडलं तरी मोजताना घोटाळा नको. आपल्या चित्राच्या पेटीत कागद टाकायचा, झालं.

पहाटेपासून रांग लागलीय. पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी. महारवाड्यातली माणसं आधी जरा लांब उभी राहिली होती. मास्तरांनी एकदाच मोठ्यानं म्हटलं, "रांग एकच हाय," आणि मग चष्मा पुसत बसले. पाटलाचा माणूस काही बोलला नाही. त्याला आज मत हवंय, आणि आजच्यापुरतं महारवाड्यातलं मत त्याच्या मताएवढंच जड आहे. उद्या विहिरीवर काय होईल ते उद्या.

पदर खोचलेली एक पन्नाशीची बाई टेबलाशी येते. इथल्या बायकांना स्वतःचं नाव सांगायला अडचण नाही. ती खणखणीत आवाजात सांगते. घोटाळा निराळाच आहे. त्या नावाच्या यादीत तिघी निघतात.

"मालकांचं नाव?"

झालं. बाई खाली बघते. मागच्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागतात. तुम्ही तिन्ही नवऱ्यांची नावं वाचून दाखवणार, तेवढ्यात मास्तर डोळ्यांनी खुणावतात: थांबा, म्हणतील त्या. बाई मान वर करते आणि एका दमात:

"लोखंडाच्या पेट्यांची मांडली ओळ,
तुकारामाचं नाव घेते, मिटवा आता घोळ!"

शाळेचं छप्पर उडेल असं हसू फुटतं. तुम्ही तुकारामाच्या ओळीवर खूण करता, तिच्या डाव्या हाताची तर्जनी धरता आणि नखाच्या मुळाशी शाई लावता. सरकारच्या प्रयोगशाळेत बनलेली शाई. अशा ३,८९,८१६ बाटल्या देशभर वाटल्यात. बाई बोट नाकाशी नेऊन वास घेते, लुगड्याला पुसून बघते. जात नाही. "शेण सारवलं तरी जायाची नाय?" "नाही." ती आपल्या पोरीला बोट दाखवते, जणू नवी अंगठी केलीय.

पडद्याआड ती बराच वेळ राहते. तुम्हाला आत डोकावता येत नाही, मास्तरांनाही नाही. मोजणीच्या दिवशी काही पेट्यांत मतपत्रिकांबरोबर फुलं, पैसे, सरकारला लिहिलेले अर्ज आणि शिव्यांच्या चिठ्ठ्यासुद्धा सापडल्या. कुणी पेटीला हात जोडले, कुणी तिच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं. याला अडाणीपणा म्हणून हसणारे तेव्हाही होते. मला विचाराल तर शंभर वर्षांत पहिल्यांदा सरकारनं ऐकायला एखादी वस्तू पाठवली होती. लोकांनी तिच्यात जे जे सांगायचं होतं ते टाकलं.

या पद्धतीत एक भोकही होतं. कागदावर खूण नसल्यामुळे एखादा तो पेटीत न टाकता गुपचूप धोतरात खोचून बाहेर आणू शकत होता. बाहेर गिऱ्हाईक उभं असे. असे दहा कागद जमले की अकरावा मतदार सगळे एकदम आपल्या पेटीत सोडून येई. दहा वर्षांनी, १९६२ ला, शिक्का मारायची पद्धत आली ती यामुळेच.

रात्री कंदिलाच्या उजेडात पेट्या बैलगाडीत चढवल्या जातात. तुम्ही सोबत जाता, तालुक्यापर्यंत. गाडीवान चाकाच्या प्रत्येक खड्ड्याला पेट्यांकडे वळून बघतो.

मुंबईत निकाल लागला तेव्हा उत्तर मुंबईतून डॉ. बाबासाहेब आंबेडकर पडले होते. घटनेचा मसुदा ज्यांच्या देखरेखीखाली झाला तेच गृहस्थ काँग्रेसच्या नारायणराव काजरोळकरांकडून चौदा-साडेचौदा हजार मतांनी हरले. दोन जागांचा मतदारसंघ, दर मतदाराला दोन मतं, आणि दोन्ही एकाच उमेदवाराला द्यायची नाहीत असा नियम. त्यात हजारो मतं बाद झाली. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबर हरलेले अशोक मेहता यांनी रीतसर निवडणूक अर्ज केला. अर्ज फेटाळला गेला. त्या पराभवाचं दुःख आजही अनेक घरांत ताजं आहे आणि ते मी कमी करायला जाणार नाही. एवढंच दाखवतो की अर्ज करायला एक दार होतं, आणि ते ठोठावणारा माणूस ते दार बांधणाऱ्यांपैकीच होता.

हा सगळा खटाटोप बघायला बाहेरची माणसं आली होती. त्यातून पुढचा मुक्काम ठरला.

खार्तुम, १९५३. पांढरी नाईल आणि निळी नाईल जिथे मिळतात तिथून कचेरी लांब नाही. तुम्ही आता टंकलेखक. खोलीत पंखा आहे, तो वारा न देता धूळ फिरवतो. ब्रिटन आणि इजिप्त यांच्यात फेब्रुवारीत करार झालाय, सुदाननं स्वतःचं भवितव्य ठरवायचंय, आणि त्याआधी निवडणूक. पण ती घेणार कोण? ब्रिटिशांनी घेतली तर इजिप्त मानणार नाही, इजिप्तनं घेतली तर ब्रिटन. म्हणून सात जणांचं कमिशन: तीन सुदानी, एक ब्रिटिश, एक इजिप्शियन, एक अमेरिकन, आणि अध्यक्षपदी एक भारतीय. कोण ते ओळखलंत. खुर्चीत सुकुमार सेन बसलेत.

तुम्ही टंकताय त्या कागदांवर नुसत्या अडचणी आहेत. सुमारे २५ लाख चौरस किलोमीटरचा देश, आणि आजवर शिरगणतीच झालेली नाही. दक्षिणेत पाऊस पडला की महिनोन्महिने रस्ता नसतो. काही भागांत टोळ्यांच्या प्रमुखांमार्फत अप्रत्यक्ष मतदान व्हायचं होतं. कमिशननं लोकांनी थेट मत द्यायच्या जागा बऱ्याच वाढवल्या. ब्रिटिश अधिकारी कुरकुरले असतील. माणसं अजून तयार नाहीत, हे वाक्य सेन यांनी दिल्लीत पुरेसं ऐकलं होतं. पण यादीत बायका नाहीत. पदवीधरांच्या पाच जागांसाठी शिकलेल्या मोजक्या जणी सोडल्या तर एकही नाही. भारतात २८ लाख ओळी खोडणारा माणूस इथे ज्या ओळी लिहिल्याच गेल्या नाहीत त्यांचं काय करणार? कमिशनचा अधिकार तिथवर पोचत नव्हता.

नोव्हेंबर-डिसेंबरात मतदान झालं. पांढऱ्या जलाबिया घातलेल्या पुरुषांच्या लांबच लांब रांगा. इजिप्तशी एकी मागणाऱ्या नॅशनल युनियनिस्ट पक्षाला ९७ पैकी निम्म्याहून जास्त जागा मिळाल्या, इस्माइल अल-अझहरी पंतप्रधान झाले, आणि मग याच अझहरींनी एकी गुंडाळून ठेवून १ जानेवारी १९५६ ला सुदान स्वतंत्र केला. ब्रिटिशांचा अंदाज चुकला, इजिप्तचाही. मतपेटीला हे दोघेही फारसे ओळखत नव्हते.

इथवर गोष्ट छान आहे. पण तुम्ही टंकयंत्रावरून उठा आणि नकाशात दक्षिणेकडे बघा. ब्रिटिश अधिकारी गेल्यावर त्यांच्या सुमारे ८०० जागा सुदानी माणसांना वाटल्या, त्यात दक्षिणेच्या वाट्याला बोटांवर मोजण्याइतक्या आल्या. ऑगस्ट १९५५ मध्ये तोरित इथे दक्षिणी सैनिकांनी बंड केलं. १७ नोव्हेंबर १९५८ ला जनरल अब्बूद यांनी सत्ता घेतली. दिल्लीत सेन त्यानंतर महिन्याभरानं निवृत्त झाले. निवडणूक कशी घ्यायची हे ते शिकवून आले होते, आणि ते शिकवता येतं: यादी, केंद्र, कुलूप, शाई, मोजणी. जिंकलेल्यानं हरलेल्याला नोकरीत, पाण्यात, शाळेत किती वाटा द्यायचा, याचं टंकलिखित परिपत्रक निघत नाही. आमच्याकडे ते आपोआप जमलं असा माझा दावा नाही. पण आमच्याकडे हरलेल्याला रीतसर न्यायाधिकरणाकडे जाता आलं, आणि पाच वर्षांनी पुन्हा त्याच पेटीकडे.

आणखी एक मुक्काम, अगदी थोडा वेळ. जुबा, ९ जानेवारी २०११. गळ्यात बिल्ला, हातात शाईची वाटी. दक्षिण सुदाननं वेगळं व्हायचं की नाही, याचं सार्वमत. कागदावर दोनच चित्रं: एकमेकांत गुंफलेले दोन हात म्हणजे एकत्र राहू, एकच उघडा पंजा म्हणजे वेगळे होऊ. सेन यांना हे चित्र आवडलं असतं. शब्दाशिवाय सगळं सांगतंय. रांगेत या खेपेला बायका आहेत, पुष्कळ. एक आजी चित्राशेजारी अंगठा इतका जोरात दाबते की कागद टेबलाला चिकटतो आणि तुम्हाला तो सोडवावा लागतो. सुमारे ३९ लाख नोंदलेले मतदार; मत दिलेल्या शंभरातले जवळपास नव्याण्णव म्हणाले, वेगळे. जुलैत देश झाला, डिसेंबर २०१३ मध्ये तिथेच यादवी पेटली, आणि पुढची दहा वर्षं त्या देशाला सार्वत्रिक निवडणूक जमली नाही. आजीच्या अंगठ्याचा ठसा मात्र नीट मोजला गेला होता. मी ही दोन वाक्यं एकमेकांशी भांडत ठेवतो. मला त्यांचा समेट करता आलेला नाही.

आता परत. सारण. साल १९५६, दुसऱ्या निवडणुकीच्या याद्या नव्यानं होतायत. वही तीच, लांबडी. चपला नव्या आहेत. चुलीचा धूर, उंबरठा. सासू दिसत नाही. खाटेवर तिची काठी आडवी ठेवलेली आहे. सात-आठ वर्षांचा एक मुलगा पाटीवर रेघोट्या ओढतोय.

"नाव काय लिहू?" तुम्ही विचारता, आणि सवयीनं पुढच्या घराकडे बघायला लागता.

पदराआडून हळू आवाजात दोन अक्षरं येतात. तुम्हाला नीट ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा म्हणता. ती पुन्हा सांगते, या खेपेला जरा मोठ्यानं. तुम्ही लिहिता, जोडाक्षर आहे की साधं ते विचारून घेता.

मुलगा पाटीवरून मान वर करून आईकडे बघतो, मग तुमच्याकडे.

"ई केकर नाँव ह, माई?"